एक रिंग म्हणजे सगळं ठीक

त्या देशात फोन वाजला आणि कुणी उचलला नाही, तर फोन करणारा माणूस स्वतः येऊन पोचतो. तिथल्या लोकांना यात काडीचं नवल वाटत नाही. आपल्याकडे दूध उतू गेलं की शेगडी पुसतात, तसं तिथं फोन चुकला की लोक कोट चढवतात आणि आगमन कक्षात जाऊन आपलं माणूस घरी आणतात. विमानतळावर उतरणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाच्या हातात या नियमाचं एक माहितीपत्रक ठेवतात. ते कुणी वाचत नाही. सुदर्शन म्हेत्रेनंही वाचलं नाही. भाड्याच्या खोलीतलं टेबल डगमगत होतं, त्याच्या एका पायाखाली त्यानं ते घडी करून सारलं आणि टेबल बसलं म्हणून खूश झाला.

सुदर्शन इचलकरंजीचा. यंत्रमागांची दुरुस्ती करायचा. त्याच्या मालकानं त्या देशातून नवे माग मागवले होते आणि ते कसे चालवायचे, कसे खोलायचे हे शिकून यायला त्याला पाठवलं होतं. वय चौतिशीचं, लग्न ठरता ठरता दोनदा मोडलेलं, घरात तो आणि आई. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती.

आता आईचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिच्यापासूनच सुरू होतं. तिचं नाव सुगंधाबाई. तिला बटणांचाच फोन लागे. बोटानं सरकवायचा फोन सुदर्शननं आणून दिला होता, तो तिनं टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवला होता. पण त्या बटणांच्या फोनवरून सुगंधाबाई जो मिस्ड कॉल द्यायच्या, त्याला गल्लीत तोड नव्हती. नंबर लावायचा, कानाला फोन, पलीकडं एक रिंग गेली की कट. दुसरी रिंग त्यांच्या हातून कधी गेलीच नाही. त्यांचा सख्खा भाऊ एकदा पैज लावून फोन मुठीत धरून बसला होता. त्यालासुद्धा उचलता आला नाही. "ताईचा अंगठा न्हवं, विजेचं बटण हाय," असं तो जेवणाच्या पंगतीत सगळ्यांना सांगायचा.

वडील गिरणीत रात्रपाळीला होते तेव्हापासूनची ही घरातली रीत. एक रिंग म्हणजे सगळं ठीक. दोन रिंगा म्हणजे काय, हे ठरवायची वेळ कधी आली नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी बॅग भरताना सुदर्शननं आईला समजावलं, "तिकडं रोमिंग असतंय आई. नुसता उचलला तरी पैसं पडतात."

"मग उचलू नगंस की. दिवा लावला की मी रिंग देते. तुला कळलं म्हणजे झालं."

झालं. एका वाक्यात प्रश्न मिटला. मिस्ड कॉलला जगात कुठंच पैसे पडत नाहीत, अशी दोघांचीही खात्री होती.

इचलकरंजीत दिवा लावायची वेळ होते तेव्हा त्या देशात नुकतीच दुपारची जेवणं झालेली असतात. पहिल्या दिवशी सुदर्शन मागासमोर उभा राहून शिकवणाऱ्याचं ऐकत होता, तेव्हा खिशातला फोन एकदा वाजला आणि थांबला. त्यानं काढूनही बघितला नाही. नुसता गालात हसला. आईनं दिवा लावला, हात जोडले, सगळं ठीक आहे. परक्या मुलखात एवढ्या एका आवाजानं किती बरं वाटतं, हे ज्याला वाटतं त्यालाच माहीत.

शिकवणाऱ्याचं हसणं मात्र मावळलं. त्यानं माग बंद केला. "तुम्ही फोन उचलला नाहीत," तो म्हणाला. "मग तुम्हाला जायला हवं."

आगमन कक्ष ट्रामच्या थांब्यामागं एका जुन्या इमारतीत होता. आत लांबलचक बाकं, आणि बाकांवर माणसं. कुणाचा तरी म्हातारा मामा, कुणाची तरी सोडून गेलेली बायको, एक दाढीवाला गृहस्थ जो चुकीचा नंबर लागल्यामुळं आला होता आणि शरमेनं खाली बघत होता. कोपऱ्यात गळ्यात पट्टे अडकवलेली तरणी पोरंपोरी दाटीवाटीनं उभी होती. ही कर्जवाली, क्रेडिट कार्डवाली, प्लॉटवाली. त्यांना न्यायला कुणीच यायचं नाही. त्यातली एक मुलगी सुदर्शनकडं बघून गोड हसली आणि हिंदीत म्हणाली, "सर, दोन मिनिटं बोलू शकते का?" तिच्या बुटांवर धूळ साचली होती. सुदर्शन घाईघाईनं पुढं गेला.

खिडकीमागं करड्या स्वेटरातली एक अधिकारी बाई होती. ती शाळेतल्या धड्यासारखं स्वच्छ, सावकाश इंग्रजी बोलायची.

"म्हेत्रे?"

"हो."

"आज जेवणानंतर तुम्हाला फोन आला. तुम्ही तो उचलला नाही."

"उचलायचा नव्हताच. तो मिस्ड कॉल होता."

"म्हणजे?"

"म्हणजे... उचलू नये म्हणून केलेला फोन."

बाईनं पेन खाली ठेवलं. आतल्या खोलीत जाऊन ती एका वयस्कर साहेबाला घेऊन आली. साहेबानं सुदर्शनला पुन्हा तेच विचारलं आणि पुन्हा तेच उत्तर मिळाल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "तुमच्या देशात असे फोन किती लोक करतात?"

"सगळेच."

"आणि न उचललेले ते फोन जातात कुठं?"

"कुठंच नाही जात, साहेब. संपतात."

साहेबानं बाईकडं बघितलं, बाईनं साहेबाकडं. "कुठंतरी जात असतील," साहेब म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर सुदर्शनबद्दल खरीखुरी काळजी होती. मग तो कामाचं बोलला. "हेतू काहीही असो. फोन म्हणजे अर्धी भेट. ती आवाजानं पुरी झाली नाही तर माणसानं पुरी करावी लागते. अर्ध्या गोष्टी आम्ही ठेवत नाही. इथं सही करा."

सुदर्शननं सही केली आणि वळून बघितलं, तर बाकावर आई बसली होती.

अनवाणी होती, कारण दिवा लावताना ती चप्पल काढते. हातात काडेपेटी होती. अंगाला तेलवातीचा वास येत होता. एवढा घोडा झाला तरी त्याला वाटलं, धावत जाऊन तिच्या मांडीत डोकं खुपसावं.

"आई! अगं तू हितं कशी?"

सुगंधाबाईंनी मान वर केली, प्रसन्न हसल्या आणि म्हणाल्या, "सगळं ठीक हाय."

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. आई कठड्याला हात न लावता भराभर चढून गेली. घरी उंबऱ्यापुढच्या दोन पायऱ्या चढताना तिचा उजवा गुडघा कुरकुरायचा, ती "आई गं" म्हणायची. सुदर्शनला त्या वेळी फक्त आनंद झाला. हवापाण्याचा गुण असेल, असं त्याला वाटलं. त्यानं चहा केला, तिच्या अंगावर आपली शाल घातली.

"प्रवास कसा झाला?"

"सगळं ठीक हाय."

"घर कुणाच्या भरवशावर टाकून आलीस?"

"सगळं ठीक हाय."

"जेवतीस काय?"

आईनं चहाचा कप दोन्ही हातांत धरला होता. चहा गार होऊन त्यावर साय धरली. ती कपाकडं बघत नव्हती, त्याच्याकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जराही दुखणं, जराही काळजी, जराही वय नव्हतं. सुदर्शनला कसंतरीच वाटायला लागलं. काय करावं सुचेना म्हणून त्यानं घरचा, आईच्याच फोनाचा नंबर लावला. घरात कुणी नसणार हे त्याला माहीत होतं. नुसती रिंग ऐकायची होती.

फोन उचलला गेला.

"हॅलो? सुदर्शन? अरं फोन कशाला केलास? पैसं पडतील की! काय झालं?"

सुदर्शननं खुर्चीकडं बघितलं. खुर्चीतली आई हसत होती.

"काय न्हाई," तो कसाबसा म्हणाला. "तू... घरातच हाईस?"

"मग या येळंला कुठं जाऊ? भाकरी टाकालीया."

"बरी हाईस न्हवं?"

या प्रश्नाचं उत्तर आयुष्यभर त्याला प्रश्न संपायच्या आत मिळत आलं होतं. आज पलीकडं गप्प झालं. तव्यावर भाकरी करपत असावी, तसा आवाज येत होता.

"व्हय की... हे आपलं..." आई चाचपडली. "काय म्हणायचं असतंय बघ रे. तोंडात येईना. ठेव आता, ठेव."

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला फोन एकदा वाजला. सुदर्शननं झडप घातली, पण कट झाला होता. तो ट्राम पकडून कक्षात गेला. आई बाकावर होती. पातळ वेगळं, काडेपेटी तीच. "सगळं ठीक हाय," ती म्हणाली. खोलीत पहिल्या आईनं दुसऱ्या आईला शेजारी बसायला जागा दिली. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. बोलायला काही उरलंच नव्हतं; दोघींचं एकच म्हणणं होतं.

त्यानं घरी फोन करून आईला विनवलं, "उद्यापासनं रिंग देऊ नगंस."

"आणि मग तुला कसं कळायचं?"

"मी करीन फोन."

"तुझ्या फोनाला पैसं पडत्यात. माझ्या रिंगंला न्हाई पडत."

"आई, माझं ऐक. पाया पडतो तुझ्या."

"बरं बाबा, न्हाई देत," आई म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी रिंग आलीच. रात्री तिनं खरं काय ते सांगितलं, "हात गेला रे. दिवा लावला की हात आपसूक जातोय. मला कळायच्या आत रिंग झालेली असती."

रोज एक आई येत राहिली. खोलीत खुर्च्या पुरेनात. घरमालकीण खालच्या मजल्यावर राहायची. सरळ, कोरडी बाई. तिनं जिन्यात त्याला गाठलं. "तुमच्याकडं किती जणी राहतात?"

"एकच," सुदर्शन म्हणाला. "पण पुन्हा पुन्हा."

"आई?"

"हो."

तिनं समजून मान हलवली आणि जेवणघरातल्या चार खुर्च्या वर पाठवून दिल्या.

आया काही खात नव्हत्या, झोपत नव्हत्या, भांडत नव्हत्या. तक्रार करावी असं त्यांच्यात काही नव्हतंच, आणि हीच मोठी पंचाईत होती. सुदर्शन सकाळी डोळे उघडायचा तेव्हा सगळ्या त्याच्याकडं बघत बसलेल्या असायच्या. तो कामाला निघाला की एकामागून एक "सगळं ठीक हाय" ऐकू यायचं, पार दारापर्यंत. त्याला वाटे, एकीनं तरी म्हणावं की थंडी वाजते. एकीनं तरी म्हणावं की तू दाढी का केली नाहीस. लहानपणापासून ज्या आईच्या किरकिरीला तो वैतागायचा, त्या किरकिरीसाठी त्याचा जीव तुटायला लागला.

अशात मगदूमकाकूंचा फोन आला. शेजारच्या या काकू, भिंतीला भिंत लागून घर. सुदर्शन आता येणारा प्रत्येक फोन पहिल्या रिंगेला उचलायचा, कर्जवाल्यांशीसुद्धा आदरानं बोलायचा. उगाच कुणी पायपीट करून यायला नको.

"सुदर्शन, बाळा, ऐकू येतंय न्हवं?" काकू ओरडूनच बोलायच्या, लांबचा फोन म्हणजे मोठ्यानं बोलायचं असा त्यांचा हिशेब होता. "तुझ्या आईचं काय खरं न्हाई बघ. उंबऱ्यात बसून असती दिवसभर. आणि जो येईल त्याला सांगती."

"काय सांगती?"

"दुखतंय म्हणून. पोटात दुखतंय, म्हणं दिवाळीपासनं. गुडघा तर जुनाच. न्हाणीत पडली होती म्हणं गणपतीत, कंबर धरली होती, आम्हाला कुणाला पत्ता न्हाई. परवा भाजीवालीला सांगत होती, अंधार पडला की भ्या वाटतंय म्हणून. सुगंधाताई असं बोलणारी बाई हाय काय रे? म्या इतकी वर्षं विचारती, बरं हाय न्हवं ताई, तर आपलं 'सगळं ठीक हाय.' आता ते म्हणायचंच इसरली बघ. म्हणाय गेली की तोंड उघडं ऱ्हातंय नुसतं."

सुदर्शननं फोन ठेवला. समोर सगळ्या आया हसऱ्या चेहऱ्यानं बसल्या होत्या. रोज संध्याकाळी एका रिंगेबरोबर त्याची आई जेवढी ठीक होती तेवढी इकडं निघून येत होती. तिकडं जे उरत होतं ते बाकीचं होतं.

त्यानं टेबलाच्या पायाखालचं माहितीपत्रक ओढून काढलं. टेबल पुन्हा डगमगायला लागलं. पत्रकात शेवटी बारीक अक्षरांत होतं: आलेल्या माणसानं पुन्हा फोन केला आणि तो उचलला गेला, तर त्याच्या आधीच्या सर्व भेटी रद्द होतात आणि माणूस आपल्या जागी होता तसा होतो.

तो धावतपळत कक्षात गेला.

"होता तसा म्हणजे कसा?" त्यानं अधिकारी बाईला विचारलं.

"पहिल्या फोनाआधी होता तसा. आम्ही काही ठेवून घेत नाही."

"आणि मी यांना विमानानं घेऊन गेलो तर?"

"त्या फोननं आल्यात. त्यांच्याकडे पासपोर्ट नाही. आणि त्यांना इथं सोडून तुम्हाला जाता येणार नाही, त्या तुमच्या सहीवर आहेत." मग तिनं थोड्या मऊपणानं सांगितलं, "सोपं आहे. फोन उचला."

सोपं! बाईंना सुगंधाबाईंचा अंगठा ठाऊक नव्हता. सुदर्शन रोज त्या वेळेला फोन तळहातावर घेऊन, हिरव्या खुणेवर बोट अधांतरी धरून बसायला लागला. शिकवणारा बिचारा माग बंद करून वाट बघायचा. फोन वाजायचा, बोट टेकायचं आणि तोवर कट. सुदर्शन फोन करून आईला शिकवायचा, "आई, दोन रिंगा जाऊ दे. मनात अंक म्हण." आई कबूल करायची. तिलाही वाटायचं की जमावं. पण आयुष्यभराचं हाताचं वळण, ते काय एका दिवसात मोडतं? रिंग झाली की अंगठा पडायचा, आणि तिसऱ्या मजल्यावर आणखी एक प्रसन्न बाई हातात काडेपेटी घेऊन येऊन बसायची. घरची आई मात्र फोनवर दर वेळी आणखी बारीक, आणखी घाबऱ्या आवाजात बोलायची. "काल तू कुठल्या गावाला गेलाईस म्हणालास?" तिनं एकदा विचारलं. सुदर्शननं सांगितलं. "लांब हाय रे," ती म्हणाली आणि रडायला लागली. त्याच्या जन्मात त्यानं आईला फोनवर रडताना ऐकलं नव्हतं.

मग एक रविवार आला. तो खोलीतच होता, फोन तळहातावर. खिडकीतून पांढरा उजेड येत होता. फोन वाजला. सगळ्या आयांनी रोजच्यासारख्या माना फोनाकडं वळवल्या. एक रिंग झाली आणि त्यांनी, जसं त्या नेहमी करायच्या, समाधानानं मान खाली घ्यायला सुरुवात केली.

दुसरी रिंग झाली.

त्यांच्या माना अर्ध्यावरच थांबल्या. सुदर्शनचं बोट हिरव्या खुणेवर होतं. नुसतं टेकवायचं होतं. गेले कितीतरी दिवस तो याच एका क्षणासाठी धडपडत होता. टेकवलं की खोली रिकामी, आई घरी, अख्खी, होती तशी.

होती तशी. म्हणजे उद्या बरी हाईस काय विचारलं की प्रश्न संपायच्या आत "सगळं ठीक हाय." म्हणजे पोटातलं दुखणं पुन्हा पदराआड. न्हाणीत पडली तर कुणाला पत्ता नाही. काकूंना एकदा कळलं होतं खरं, पण काकू विचारायला गेल्या तर ती त्यांनाही हसून वाटेला लावेल, आणि सुदर्शन माग शिकून परत जाईपर्यंत रोज एक रिंग ऐकून गालात हसत राहील. इतकी वर्षं हसत आला होता तसा.

तिसरी रिंग झाली. चौथी झाली.

"सगळं ठीक हाय," एक आई म्हणाली. मग दुसरी म्हणाली. मग सगळ्या एका सुरात, फोनाच्या आवाजावर आवाज चढवून म्हणायला लागल्या. खिडकीची काच थरथरायला लागली.

"न्हाई, आई," सुदर्शन म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "ठीक न्हाई. गप बसा जरा."

त्यानं फोन डगमगत्या टेबलावर ठेवला आणि हात पाठीमागं बांधले. फोन वाजत राहिला. लई वेळ वाजला. मग थांबला. सुदर्शननं कोट चढवला.

कक्षातल्या बाकावर ती एका अंगावर कलंडून बसली होती. एक हात पोटावर, एक गुडघ्यावर. काडेपेटी नव्हती. केस विस्कटलेले, चेहरा ओढलेला. आत येणाऱ्या प्रत्येकाकडं ती घाबरून बघत होती. कर्जवाल्या मुलीनं तिला पाणी आणून दिलं होतं आणि ती शेजारी गुपचूप उभी होती.

अधिकारी बाईनं सहीचा कागद पुढं सरकवला. "या वेळी फोन बराच वेळ वाजला. तुम्ही जवळ नव्हता?"

"जवळच होतो."

"उचलता आला असता."

"हो."

बाईनं त्याच्याकडं क्षणभर बघितलं आणि शिक्का मारला.

"उचलला न्हाईस रे," आई म्हणाली.

"तूच म्हणालीस, उचलू नगंस."

"व्हय की," ती म्हणाली. "काडी ओढवंना बघ आज. दिवा न्हाई लागला. लई दुखतंय रे, सुदर्शन."

"कुठं दुखतंय, सांग."

तिनं सांगितलं. ट्राममध्ये सांगितलं, रस्त्यानं सांगितलं, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबून, कठड्याला धरून सांगितलं. दिवाळीपासूनचं सांगितलं, त्याच्या बापाच्या आजारपणातलं सांगितलं, लग्न दुसऱ्यांदा मोडलं त्या रात्री त्याला झोप लागल्यावर ती एकटी काय काय बडबडली तेही सांगितलं. सुदर्शन ऐकत होता. तिसऱ्या मजल्यावर पोचायला संध्याकाळ झाली. दार उघडलं तेव्हा सगळ्या आया उठून उभ्या राहिल्या. त्यांनी तिला खिडकीजवळची, शालीची खुर्ची मोकळी करून दिली. त्या वेळी मात्र त्यांच्यातली एकही ते वाक्य बोलली नाही.

मगदूमकाकूंचा फोन आला. "अरं, घर सताड उघडं हाय आणि आई कुठं दिसंना! दिवा न्हाई, काय न्हाई. फोन तेवढा देवाच्या फळीवर हाय."

"माझ्याकडं आलीया, काकू."

"न सांगता गेली बघ," त्या म्हणाल्या. "दुपारीच इरजण मागाय आली होती. बरं, कुलूप लावते. किल्ली माझ्याकडं ऱ्हाईल. तिला म्हणावं, काळजी घे."

सकाळी सुदर्शननं तिला डॉक्टरकडं नेलं. तपासण्या झाल्या, गोळ्या मिळाल्या, पुन्हा बोलावलं. डॉक्टरांनी "आता कसं वाटतं?" विचारलं की आई खरं ते सांगायची आणि सुदर्शन त्याचं इंग्रजी करायचा. खोलीवर आली की बाकीच्या आया तिचे पाय चेपायच्या. त्यांना आता काम मिळालं होतं. आईची किरकिर सुरू झाली: थंडी फार आहे, इथल्या मिठाला चव नाही, तू दाढी का करत नाहीस. सुदर्शन सगळं ऐकून घ्यायचा आणि मनातल्या मनात देवाला हात जोडायचा.

असेच काही दिवस गेले. एकदा दुपारची जेवणं झाल्यावर, इचलकरंजीत दिवा लावायची वेळ असते तेव्हा, टेबलावरचा फोन एकदा वाजला आणि थांबला. पडद्यावर घरचा नंबर होता.

सगळ्या आयांनी एकमेकींकडं बघितलं. आईनं खुर्चीतून मान वळवून त्यांच्यावरून एकदा नजर फिरवली. "आम्ही तर समद्या हितंच हाय," ती म्हणाली.

"काकू गेल्या असतील आत?"

"मगदूमीणीला माझा फोन लावता येत न्हाई."

सुदर्शननं काकूंना विचारून बघितलं. कुलूप जागच्या जागी होतं. किल्ली काकूंच्या कनवटीला होती.

"घर असंल," आई म्हणाली. "दिव्याच्या येळंला रिंग द्यायची त्याला सवय लागलीया."

"एकच रिंग दिली, आई. म्हणजे सगळं ठीक हाय म्हणायचं."

आईनं पोटावरचा हात काढून त्याच्या मनगटावर ठेवला. "एक रिंग दिली म्हणजे ठीक असतंयच असं न्हाई, लेका," ती म्हणाली. "अंधारात एकटं हाय ते. जा, घिऊन ये."

सुदर्शननं कोट चढवला. उतरताना त्यानं घरमालकिणीचं दार वाजवलं आणि मागच्या आवारात थोडी जागा मिळेल का म्हणून विचारलं.

"किती?"

"दोन खोल्या आणि न्हाणी," तो म्हणाला. "पुढं दोन पायऱ्या आहेत."

तिनं जरा विचार केला आणि आपली सायकल बाजूला घेते म्हणून सांगितलं.